ओळख दाखवायची राहून जाते तेव्हा

‘परवा मंडईत दिसली होती, पण बघून न बघितल्यासारखं केलं.’ कुणाहीबद्दल हे वाक्य घरात एकदा बोललं गेलं की वर्षानुवर्षं टिकतं. पुढे ती बाई अडीअडचणीला धावून आली, तरी कुणीतरी म्हणतंच, ‘तशी चांगली आहे, पण जरा शिष्ट.’ जिच्याबद्दल हे चालू असतं तिला त्याचा पत्ताही नसतो. ती भेंडीचा भाव विचारत होती, मान वर झाली, समोर एक चेहरा दिसला, आणि तो कुणाचा हे मनात जुळेपर्यंत चेहरा पुढच्या गाळ्याकडे वळलेला होता.

मनाने मोकळी, घरी आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारी, फोनवर तासभर गप्पा मारणारी कितीतरी माणसं रस्त्यात, स्टेशनवर, दुकानात अचानक कुणी समोर आलं की गडबडतात. चेहरा कोरा राहतो, तोंडून ‘हं… बरं आहे ना?’ एवढंच निघतं आणि पाय आपोआप पुढे पडतात. घरी पोचल्यावर मात्र रुखरुख लागते की किती दिवसांनी भेटली होती, नीट बोलायला हवं होतं. हा लेख अशा माणसांसाठी आहे. माझ्या मते यात स्वभावाचा दोष फार थोडा असतो. सगळी गफलत पहिल्या दोन-तीन सेकंदांत होते, आणि तेवढे सेकंद सवयीने सांभाळता येतात.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे स्वतःला बोल लावणं कमी होईल. आपण माणसं त्यांच्या जागेसकट लक्षात ठेवतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये दिलेलं एक उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. एरवी दुकानात दिसणारा खाटीक एक दिवस बसमध्ये दिसतो. चेहरा ओळखीचा आहे याची पक्की खात्री असते, पण हा माणूस कोण ते काही केल्या आठवत नाही. मुलाच्या शाळेत कायम साडीत दिसणाऱ्या बाई रविवारी पेट्रोल पंपावर पंजाबी ड्रेसमध्ये, हातात हेल्मेट घेऊन उभ्या असल्या की आपलं हेच होतं. नाव आठवणं तर त्याहून अवघड. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले. काही शब्द आडनाव म्हणूनही चालतील आणि व्यवसाय म्हणूनही, असे मुद्दाम निवडले होते. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला की लक्षात राहायचा आणि आडनाव म्हणून सांगितला की निसटायचा. म्हणजे एखाद्याचं आडनाव सुतार आहे हे विसरणं हे त्याच्याबद्दल आस्था नसल्याचं लक्षण मानायचं कारण नाही. तो सुतारकाम करतो असं कळलं असतं, तर ते आठवलं असतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याला आतून आनंद झालेला असतो, म्हणून तो चेहऱ्यावर दिसलाच असणार, असं आपण धरून चालतो. टॉमस गिलोविच, केनेथ सवित्स्की आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९८ मध्ये यावर प्रयोग केले. एका प्रयोगात काही पेल्यांत चांगलं पेय होतं आणि एकात अगदी वाईट चवीचं. ते पिताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं. पिणाऱ्यांना वाटलं, आपल्याला लागलेली वाईट चव बघणाऱ्यांच्या लक्षात आलीच असेल. प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा कमी जणांना ती ओळखता आली. मनातलं जेवढं बाहेर दिसतं असं आपण समजतो, त्याहून ते कमी दिसतं. मंडईतल्या त्या बाईचंही हेच झालं. तिच्या मनात ‘अगंबाई, ही इथे!’ उमटलं होतं, पण चेहऱ्यावर मात्र भेंडीचा भावच राहिला.

म्हणून पहिली सूचना अशी की आनंद ऐकू येऊ द्या. नाव आठवायची, पुढचं वाक्य जुळवायची वाट बघू नका. आधी ‘अरे!’, ‘अगंबाई!’, ‘अहो, तुम्ही!’ बाहेर पडू दे. आपल्या भाषेत ही सोय फार चांगली आहे. या एका उद्गाराने समोरच्याला कळतं की आपल्याला ओळखलं आणि बरं वाटलं, आणि तुम्हाला हवे असलेले दोन सेकंदही मिळतात. त्यानंतरचं ‘इकडे कुठे?’ हेही त्यासाठीच आहे. त्याचं खरं उत्तर कुणी मागत नाही. ‘काही नाही, जरा बाजारात’ एवढं म्हटलं तरी चालतं, तोवर मन ताळ्यावर आलेलं असतं.

त्याच वेळी पाय थांबवा. हे फार महत्त्वाचं आहे. चालता चालता हसून केलेल्या चौकशीपेक्षा थांबून म्हटलेलं ‘कशी आहेस?’ जास्त पोचतं. नुसती मान वळवू नका, खांदे त्या माणसाकडे वळू देत. कानात इअरफोन असेल तर एक तरी काढून हातात घ्या, आणि तो काढताना समोरच्याला दिसू दे. भुवया जरा उंचावल्या जाऊ देत. आयरेनॉइस आयबल-आयबेसफेल्ट या संशोधकाने जगाच्या निरनिराळ्या भागांत लोक एकमेकांना भेटतानाचं चित्रण केलं होतं. ओळखीचं माणूस दिसताच क्षणभर भुवया उंचावणं त्याला ठिकठिकाणी आढळलं. ही हालचाल सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढीच टिकते. एवढीशी खूण, पण ती झाली नाही की समोरचा ‘हिला मी नकोशी वाटले’ असा अर्थ लावून मोकळा होतो.

दुचाकीवर असाल तर अडचण वाढते. हेल्मेटची काच खाली असेल तर तुम्ही हसलात की नाही कुणालाच कळत नाही. पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुली-बायकांचंही तेच. अशा वेळी चेहऱ्याच्या भरवशावर राहू नका. सिग्नलला असाल तर काच वर करा, हात उंच करा, हाक मारा. गाडी थांबवण्यासारखी नसेल, तर निदान हात तरी दिसावा.

आता पहिल्या उद्गारानंतरच्या वाक्याविषयी. गडबडलेला माणूस शांतता भरायला जे पहिलं डोळ्यांना दिसेल ते बोलून टाकतो: ‘किती वाळलीस गं!’, ‘केस फारच पिकले की तुमचे.’ नाही तर सरळ हिशेब विचारतो: ‘नोकरी लागली का?’, ‘लग्नाचं कुठवर आलं?’, ‘मुलाला किती टक्के पडले?’ यात बहुतेकांचा वाईट हेतू नसतो, पण भर रस्त्यात अचानक गाठून विचारलेला असा प्रश्न ऐकणाऱ्याला लागतो, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला लांबूनच टाळतो. त्याऐवजी जे खरोखर मनात आहे तेच म्हणा: ‘बरं वाटलं तुला बघून.’ हे वाक्य आपण निरोप घेताना म्हणतो. ते सुरुवातीलाच म्हणून बघा. ज्याचा चेहरा पटकन बोलत नाही, त्याच्यासाठी याहून उपयोगी वाक्य मला माहीत नाही. मग शेवटच्या भेटीतलं काही आठवत असेल तर ते विचारा: ‘आईंचा गुडघा कसा आहे आता?’, ‘ती गच्चीतली बाग अजून आहे का?’ काहीच आठवत नसेल, तर जिथे उभे आहात तिथलंच बोला. तांदळाचा भाव, गणपतीची गर्दी, उशिरा आलेली एसटी यांवर कुणालाही बोलता येतं आणि कुणीही दुखावलं जात नाही.

नाव आठवत नसण्याची भीती सगळ्यांत जास्त माणसांना गप्प करते. लग्नाच्या हॉलमध्ये तर ही परीक्षाच असते. जेवणाच्या रांगेत हातात ताट घेऊन उभे असताना एक गृहस्थ मनगट धरतात, डोळ्यांत डोळे घालून विचारतात, ‘ओळखलंस का?’ मागे चार माणसं खोळंबलेली, वाढपी जिलेबीचा चिमटा उचलून थांबलेला. इथे ‘हो हो, ओळखलं ना!’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. पुढच्याच वाक्याला ‘सांग बघू मग कोण ते’ असं येतं. ‘चेहरा पक्का लक्षात आहे काका, नाव तेवढं सांगा,’ असं हसून, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून म्हणावं. ‘आईच्या माहेरकडचे ना तुम्ही?’ असा अंदाज करता आला तर आणखी चांगलं. गाव, घर, नातं यांतलं एक टोक हाती लागलं की बाकीचं ते स्वतःच सांगतात. खरं नाव विसरल्याचा राग माणसं लवकर विसरतात. ओळखल्याचं खोटं सोंग मात्र ध्यानात राहतं.

आणि तुम्हाला समोरच्याची परीक्षा घ्यायचा मोह झाला तर तो आवरा, ही कळकळीची विनंती. वय झालेल्या माणसाला ‘ओळखा पाहू मी कोण’ विचारणं हा खेळ वाटतो, पण ज्याला आठवत नाही त्याला तो फार कोंडीत पकडतो. स्वतःचा पत्ता आधी सांगून टाका: ‘नमस्कार मावशी, मी मीना. बँक कॉलनीत तुमच्या वरच्या मजल्यावर राहायचो आम्ही.’ बघा, समोरचा चेहरा किती पटकन सैलावतो.

सोबत कुणी असेल तर त्याला विसरू नका. नवरा-बायको बाजारात निघालेले असतात, एकाचा जुना सहकारी भेटतो, दोघं बोलत राहतात, आणि दुसरा हातात पिशव्या घेऊन दहा मिनिटं दुकानाच्या पाट्या वाचत उभा राहतो. बाजूला उभं असलेलं माणूस पुढे ‘तुमचे मित्र काही बोलत नाहीत हं’ असा शेरा मारतं, तो यातूनच. पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळख करून द्या. समोरच्याचं नाव आठवत नसेल तर आपल्या माणसापासून सुरुवात करा, ‘ही माझी धाकटी बहीण, नाशिकला असते.’ बहुतेक वेळा समोरचा आपलं नाव स्वतःच सांगतो.

लांबून येणारी भेट वेगळी. सोसायटीच्या रस्त्यावर किंवा ऑफिसच्या लांबलचक व्हरांड्यात पन्नास पावलांवरून कुणीतरी येताना दिसतं. इतक्या लांबून हसायचं, की जवळ आल्यावर? मग मोबाइल काढून त्यात डोकं घातलं जातं, आणि ते समोरच्याला स्पष्ट दिसतं. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी लोकांच्या भेटींचं चित्रण करून १९७३ मध्ये त्यांची बारकाईने मांडणी केली. तीत दिसलं की अशा भेटीत नमस्कार दोनदा होतो. लांबून एकदा मान किंवा हात, मधल्या अंतरात नजर बाजूला, आणि जवळ आल्यावर पुन्हा नजर व दोन शब्द. मधे नजर दुसरीकडे जाणं अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा लांबून ओळख पटल्याची खूण एकदा करा आणि निर्धास्त चाला. सकाळी बागेत फेऱ्या मारताना तेच माणूस चार वेळा समोर येतं. पहिल्या फेरीला थांबून बोलावं, पुढे नुसती मान पुरे. प्रत्येक फेरीला नवं वाक्य शोधायची गरज नसते.

गावात हे नियम थोडे बदलतात. कोकणात गणपतीला चाकरमानी उतरला की एसटी थांब्यापासून घरापर्यंत ‘कधी इलंस?’ दहा जणांकडून येतं. ती चौकशी म्हणजे तुम्ही आल्याची दखल आहे. ती दहाही वेळा तितक्याच आपुलकीने स्वीकारावी. आणि खरं तर जो बाहेरून आला आहे त्यानेच आधी हाक मारावी. पारावर, टपरीवर बसलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतात, आणि मान खाली घालून गेलेल्याबद्दल ‘मुंबईला गेल्यापासून बदलला’ हा निकाल संध्याकाळपर्यंत वाडीभर होतो. रात्रभरच्या प्रवासाने डोळे मिटत असतील, तरी ‘राम राम’ म्हणायला, हात जोडायला काही लागत नाही.

घाईत असाल तेव्हा शब्दांचा क्रम सांभाळा. ‘मी जरा घाईत आहे’ हे पहिलं वाक्य झालं की पुढचं काहीही गोड लागत नाही. आधी भेटीचा आनंद, मग घाई: ‘अरे वा, किती दिवसांनी! नेमकी लोकल गाठायचीय, पण दोन मिनिटं आहेत, बोल.’ दादरच्या पुलावर तर थांबणंच शक्य नसतं, मागची गर्दी पुढे ढकलते. तिथे हात वर करून ‘फोन करते गं!’ एवढंच होतं, आणि तेही पुरतं, जर त्या आठवड्यात खरंच फोन केला तर. बोलणं संपवायचं कसं, याची धास्ती घेऊन पुष्कळ जण बोलायलाच सुरुवात करत नाहीत. त्यांना एक गोष्ट माहीत असावी. अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोघांनाही हव्या त्या क्षणी संपलेले संवाद जेमतेम दोन टक्के निघाले. निरोप घ्यायचं सगळ्यांनाच अवघड जातं. ‘चल, तुला उशीर होत असेल,’ असं म्हणून तुम्ही वाट मोकळी करून दिलीत, तर बहुधा दोघांचीही सुटका होते. ‘या ना एकदा घरी’ मात्र सवयीने म्हणू नका. बोलवायचं असेल तर वार सांगून बोलवा, नाही तर ‘परत भेटू’ पुरे.

काही ठिकाणी ओळख न दाखवणं हीच आपुलकी असते. मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात, वंध्यत्व उपचार केंद्रात, कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात, सोनं गहाण ठेवायच्या खिडकीशी कुणी ओळखीचं दिसलं तर पुढाकार त्यांना घेऊ द्या. त्यांनी बघितलं आणि मान हलवली तर आपणही हलवावी. त्यांनी नजर वळवली तर तीही त्यांची इच्छा म्हणून जपावी. नंतर घरी कुणाला सांगू नये आणि त्यांनाही ‘तिकडे कशाला गेला होतात?’ विचारू नये. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं की सार्वजनिक जागी दुसऱ्याची दखल घेऊन नजर सभ्यपणे बाजूला करणं हा मोठा शिष्टाचार आहे. तो अनोळखी माणसांसाठी सांगितलेला असला, तरी अशा ठिकाणी ओळखीच्यांनाही त्याची फार गरज असते.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. जिवलग माणसं तर आपल्याला ओळखूनच असतात. पण आयुष्य नुसतं जिवलगांवर चालत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, ओळखीतून नोकरी मिळवलेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने ही खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारा असं सांगणारे १६.७ टक्केच होते. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याने कामाची बातमी दिली होती. चांगला डॉक्टर, रिकामी झालेली खोली, मुलीसाठी आलेलं स्थळ, या गोष्टी आपल्याकडेही अशाच अर्धवट ओळखींतून येतात. आणि फायदा बाजूला ठेवला तरी, एका पत्त्यावर वीस वर्षं राहून शेजारच्या इमारतीतलं कुणी हाक मारत नाही हे दुःख लहान नाही.

जी भेट बिघडली, ती त्याच दिवशी सुधारता येते. संध्याकाळी फोन करा, नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाका: ‘सकाळी डी-मार्टमध्ये तुम्हाला पाहून पटकन सुचलंच नाही काही. नंतर फार चुटपुट लागली. वहिनी बऱ्या आहेत ना?’ लांबलचक खुलासा, माफीची आर्जवं नकोत. ती वाचून समोरच्यालाच संकोच वाटतो. आपला निरोप आगाऊपणाचा वाटेल अशी शंका येत असेल तर ती सोडून द्या. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधल्या प्रयोगांत दिसलं की अशी अनपेक्षित आठवण काढली की समोरच्याला, आपण कल्पना करतो त्यापेक्षा जास्त आनंद होतो. पुष्कळदा तर भेट बिघडलेलीच नसते. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की नव्याने बोललेल्या दोन माणसांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही, आणि प्रत्यक्षात दोघांचाही अंदाज कमी पडलेला असतो. रात्री अंथरुणावर ती भेट पुन्हा पुन्हा घोळवण्यापेक्षा दोन ओळी पाठवून झोपावं.

आता ज्यांना कुणी ओळख दाखवली नाही, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. समोरच्याला चष्म्याशिवाय चार फुटांपलीकडे दिसत नसेल. ती इस्पितळातून नुकतीच बाहेर पडली असेल. काहींना तर चेहरेच लक्षात राहत नाहीत, अगदी रोजचेसुद्धा. मेंदूच्या या अवस्थेला जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये नाव दिलं. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल आणि मेंदूविकारतज्ज्ञ लेखक ऑलिव्हर सॅक्स या दोघांनीही आपल्याला ही अडचण असल्याचं सांगितलं होतं. शंभरात साधारण दोन जणांना ती जन्मतः असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तुमच्या ओळखीच्या माणसांतही असे दोघे-चौघे असणारच, आणि त्यांना शिष्ट ठरवून तुम्ही मोकळे झाला असण्याची शक्यता आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी शेजारून न बघता गेलं, तर घरी जाऊन ती गोष्ट सांगू नका. तिथेच नावाने हाक मारा, आपलं नाव सांगा, आणि तिला वळायला दोन सेकंद द्या.